कृमी नसलेली खाडी निरोगी असते काय?

मराठीत एखाद्या माणसाचा वा संस्थेचा अधिक्षेप करावयाचा असला म्हणजे ‘बांडगूळ’ हा शब्द हमखास हाताशी येतो. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, स्वतः काही न करणारा आणि ज्याच्या आधाराने वाढतो त्यालाच शोषून घेणारा, असा सारा रोष त्या एका शब्दात साठलेला असतो. आंब्याच्या फांदीवरचे खरेखुरे बांडगूळ आपल्या हिरव्या पानांनी अन्न स्वतः तयार करते, झाडाकडून मुख्यतः पाणी आणि क्षार घेते, आणि त्याच्या फुलांतील मधावर व फळांवर पक्षी पोसले जातात. ही वस्तुस्थिती त्या रोषाच्या आड कधी येत नाही. परोपजीवी जीवांविषयीचा हा तिटकारा बोलण्यापुरताच असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु निसर्गरक्षणाच्या व्यवहारातही तो नकळत उतरला आहे. वाघ मोजले जातात, पक्षी मोजले जातात, खाडीतील माशांच्या जाती मोजल्या जातात; त्यांच्या आतड्यांत, कल्ल्यांत नि मेंदूत राहणारे कृमी मात्र मोजण्याच्या लायकीचे समजले जात नाहीत. ते आढळलेच तर रोगराईचे लक्षण आणि न आढळले तर उत्तम, अशी सर्वसाधारण समजूत असते.

ही समजूत किती अपुरी आहे हे गेल्या तीन दशकांत एका बोटभर लांबीच्या माशाने दाखवून दिले आहे. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील खाड्यांत राहणारा हा मासा फार तर गळाला आमिष म्हणून उपयोगी पडतो. एरवी त्याच्याकडे कोणी वळून पाहिले नसते. परंतु त्याच्या मेंदूवर बसलेल्या कृमींचा अभ्यास करता करता शास्त्रज्ञ एका मोठ्या प्रश्नापाशी येऊन ठेपले. निरोगी खाडी म्हणजे नेमकी कोणती खाडी, हा तो प्रश्न होय.

तीन यजमानांचा प्रवास

कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात, सांता बार्बरा शहराच्या पूर्वेस, कार्पिंटेरिया नावाचे छोटे गाव आहे. कोकणात जिला खाजण म्हणतात तशी भरतीच्या पाण्याने भिजणारी खारी दलदल या गावाला लागून पसरलेली आहे. कोकणातील खाजणात तिवरांची दाटी असते. येथे तिवरे नाहीत, त्यांच्या जागी मांसल देठांच्या, खारट चवीच्या बुटक्या झुडपांचा गालिचा आहे. त्यामधून पाण्याचे नागमोडी पाट वाहतात, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि बगळ्यांपासून चिखल्यांपर्यंत नाना जातींचे पक्षी तेथे उतरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या राखीव क्षेत्रांत या खाजणाचा समावेश आहे, आणि येथील परोपजीवींचा जितक्या बारकाईने अभ्यास झाला आहे तितका फारच थोड्या खाड्यांच्या वाट्याला आला असेल.

या पाटांतून ‘कॅलिफोर्निया किलीफिश’ या नावाचा मासा थव्यांनी फिरतो. त्याचे शास्त्रीय नाव फुंड्युलस पार्विपिनिस. पूर्ण वाढला तरी त्याची लांबी दहा सेंटिमीटरच्या आसपासच राहते. त्याच्या मेंदूवर वस्ती करणारा कृमी यूहॅप्लॉर्किस कॅलिफोर्निएन्सिस या लांबलचक नावाने ओळखला जातो. तो पर्णाभ कृमींच्या, म्हणजे पानासारख्या चपट्या कृमींच्या वर्गातला आहे. मेंढ्यांच्या यकृतात आढळणारा कृमी याच वर्गातला. प्राणिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने त्याचे जीवनचक्र परीक्षेसाठी एकदा तरी आकृतीसह पाठ केलेले असते.

किलीफिशच्या मेंदूतील कृमीचा जीवनक्रम तीन यजमानांच्या आधाराने पुरा होतो. प्रौढ कृमी पाणपक्ष्यांच्या आतड्यात राहतो आणि तेथे अंडी घालतो. ही अंडी पक्ष्यांच्या विष्ठेबरोबर चिखलात पडतात. त्या चिखलावर शिंगासारखा निमुळता शंख असलेल्या गोगलगाई हजारोंच्या संख्येने चरत असतात. त्यांच्या पोटात ही अंडी जातात, आणि दुसरा अंक सुरू होतो. गोगलगाईच्या शरीरात कृमी स्वतःच्या प्रती काढीत वाढत जातो. तिची जननेंद्रिये निकामी होतात. ती यापुढे चालते, चरते, वाढते, परंतु तिला संतती होत नाही. तिने मिळविलेल्या अन्नाचा मोठा वाटा कृमीच्या वाढीकडे वळतो. बाह्यतः ती गोगलगाय असते. वंशविस्ताराच्या हिशेबाने पाहिले तर शंखाच्या आत राहणारी ती कृमींची वसाहत असते.

या वसाहतीतून शेपटी असलेले अतिसूक्ष्म डिंभ पाण्यात बाहेर पडतात आणि किलीफिशचा शोध घेतात. माशाच्या अंगावर चिकटताच शेपटी गळते, डिंभ आत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचतो. मेंदूच्या पृष्ठभागावर तो स्वतःभोवती कवच करून पुटीच्या रूपाने थांबतो. अशा शेकडो, प्रसंगी हजारो पुटींचा थर एका माशाच्या मेंदूवर पसरलेला असतो. दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया येथील तीन खाड्यांतून पकडलेल्या ३७५ माशांची चिरफाड करून काढलेले निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या खाड्यांतील ९४ ते १०० टक्के मासे बाधित होते. म्हणजे तेथे बाधा हा अपवाद नाही, तोच नियम आहे. आणि तरीही हे मासे मरतुकडे दिसत नाहीत. ते खातात, वाढतात, अंडी घालतात. त्यांचे थवे पाटांतून पूर्वीसारखेच फिरत राहतात.

मग कृमीने साधले काय? त्याला तर अजून पक्ष्याच्या पोटात पोहोचावयाचे आहे. मासा म्हातारा होऊन तळाशी मेला तर मेंदूवरच्या साऱ्या पुटी त्याच्याबरोबर संपतात. हा प्रवास बगळ्याच्या चोचीतूनच पुरा व्हावयास हवा.

चमकणारे मासे

केव्हिन लॅफर्टी आणि किमो मॉरिस या दोन शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा छडा लावला. त्यांचा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रथम बाधित व निर्दोष मासे काचेच्या टाकीत ठेवून त्यांच्या हालचालींची नोंद केली. बाधित मासे मधूनच पाण्याच्या पृष्ठभागाकडे झेप घेत, अंगाला झटके देत, थरथरत, आणि एका कुशीवर कलंडून आपले रुपेरी पोट क्षणभर चमकवीत. नजरेत भरण्याजोग्या अशा हालचाली ते निर्दोष माशांच्या चौपट प्रमाणात करीत. मेंदूवर पुटी जितक्या अधिक, तितके हे प्रकारही अधिक.

परंतु टाकीतील वर्तन पक्ष्यांच्या लेखी कितपत महत्त्वाचे, हे खाडीतच तपासावे लागणार होते. म्हणून दोघांनी उथळ पाण्यात जाळीची कुंपणे उभारली आणि त्यांत दोन्ही प्रकारचे मासे एकत्र सोडले. एक कुंपण वरून उघडे होते, दुसऱ्यावर पक्ष्यांना अडविणारे जाळे पसरले होते. सुमारे तीन आठवड्यांनी उरलेल्या माशांची तपासणी झाली. जाळ्याखालच्या कुंपणात बाधेमुळे विशेष फरक पडलेला नव्हता. उघड्या कुंपणात मात्र बगळ्यांनी आपली निवड स्पष्ट केली होती. निर्दोष माशांच्या तुलनेत बाधित मासे १० ते ३० पट अधिक प्रमाणात खाल्ले गेले होते.

पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून या बदलामागील रसायनही काही अंशी उलगडले. सेरोटोनिन आणि डोपामिन ही मेंदूतील संदेशवाहक द्रव्ये होत. मनुष्याच्या मेंदूतही ती असतात. संकट ओढवले म्हणजे माशाच्या मेंदूत सेरोटोनिनची जी हालचाल व्हावयास हवी ती बाधित माशांत दबलेली आढळली. थोडक्यात, धोक्याच्या वेळी सावध होण्याची त्यांची यंत्रणाच मंदावलेली होती. अर्थात कृमीने हे बुद्धिपुरस्सर योजले असे मानण्याचे कारण नाही. ज्या कृमींमुळे मासा थोडा अधिक चमकला त्यांची अंडी पुढे गेली, इतरांची गेली नाहीत. लक्षावधी पिढ्यांच्या या निवडीतून हे साधले गेले आहे. वृत्तपत्रांना अशा माशांवर भुताटकीचे मथळे देण्याचा मोह होतो. त्या मथळ्यांत खरी गोष्ट हरवते.

खरी गोष्ट पक्ष्यांच्या बाजूने पाहिल्यावर ध्यानात येते. बगळ्याला मासे पकडण्यासाठी वेळ आणि शक्ती खर्चावी लागते. बाधित मासा त्याला अल्प श्रमात मिळतो. त्याबरोबर पोटात जाणारा कृमी पक्ष्याचे फारसे नुकसान करीत नाही. लॅफर्टी यांनी १९९२ सालीच गणिती पद्धतीने असे दाखविले होते की, बाधेचा तोटा थोडा आणि सोप्या शिकारीचा लाभ मोठा असेल तर असे भक्ष्य टाळणे पक्ष्याच्या हिताचे नसते. म्हणजे खाडीच्या काठी ध्यानस्थ उभ्या असलेल्या बगळ्यापुढे ताट वाढण्याचे काम काही अंशी हा कृमीच करीत असतो. पक्षी खाडीचे भूषण आणि कृमी खाडीचा कलंक, ही विभागणी येथेच डळमळू लागते.

वजनाचा हिशेब

एका माशाची नि एका कृमीची ही कथा नवलाची असली तरी ती अपवादात्मक असेल, असा आक्षेप साहजिकच घेता येईल. त्याचे उत्तर २००८ साली मिळाले. आर्मंड क्युरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्पिंटेरियासह तीन खाड्यांतील जीवसृष्टीचे अक्षरशः वजन केले. मुक्तपणे जगणाऱ्या १९९ जातींचे प्राणी आणि १३८ जातींचे परोपजीवी यांची संख्या, आकारमान आणि दर हेक्टरी एकूण वजन यांचा हिशेब मांडण्यात आला. परोपजीवी म्हणजे नगण्य, डोळ्यांना न दिसणारे, वजनात धरण्याजोगे नसलेले जीव, ही समजूत तोवर इतकी रूढ होती की, त्यांना काट्यावर घालण्याची गरजच सहसा कोणाला भासली नव्हती.

हिशेब पुरा झाला तेव्हा आढळले की, या खाड्यांतील परोपजीवींचे एकूण वजन तेथील सर्वोच्च भक्षकांच्या, म्हणजे पक्ष्यांच्या, वजनाहून अधिक भरते. गोगलगाईंतून वर्षभरात बाहेर पडणाऱ्या डिंभांचे एकत्रित वजनही पक्ष्यांच्या वजनाहून जास्त निघाले. दुर्बिणी रोखून ज्या पक्ष्यांची मोजदाद केली जाते, त्यांच्याहून भारी असे एक अदृश्य जग त्याच चिखलात नांदत होते. हे डिंभ सर्वच यजमानापर्यंत पोहोचत नाहीत. बहुसंख्य वाटेतच संपतात आणि लहान जीवांच्या पोटात जातात. ते स्वतःच अन्न ठरतात.

याच खाजणातील अन्नजाळ्याचा नकाशा लॅफर्टी, अँड्र्यू डॉब्सन आणि क्युरिस यांनी २००६ साली पुन्हा तपासून पाहिला. कोण कोणाला खातो हे दाखविणाऱ्या रेषांत परोपजीवींच्या रेषा घातल्या तेव्हा सुमारे ७५ टक्के रेषांत कोणत्या ना कोणत्या परोपजीवीचा सहभाग निघाला. याचा अर्थ पाठ्यपुस्तकांतून गवत, कीटक, बेडूक, साप, गरुड अशी जी चित्रे काढली जातात त्यांत निम्म्याहून अधिक मजकूर गाळलेला असतो.

पुनर्वसनाची परीक्षा

येथवरचे विवेचन ज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पण त्याला व्यवहाराची बाजूही आहे, आणि ती अधिक निकडीची आहे. १७८० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत कॅलिफोर्नियातील ९१ टक्के पाणथळ जागा भराव, शेती आणि शहरे यांखाली गेल्या. जे थोडे उरले त्याची डागडुजी करण्याचे प्रयत्न नंतर सुरू झाले. कार्पिंटेरिया खाजणाच्या एका भागाचे असेच पुनर्वसन १९९७ साली करण्यात आले. भराव उपसला, पाण्याला वाट दिली, झाडे लावली. हिरवळ दिसू लागली. पण खाजण खरोखर जिवंत झाले काय, हे ठरवावयाचे कसे?

टॉड हस्पेनी आणि लॅफर्टी यांनी त्यासाठी गोगलगाईंची मदत घेतली. पुनर्वसनाआधी आणि नंतर सहा वर्षे त्यांनी त्या भागातील गोगलगाई फोडून त्यांतील पर्णाभ कृमींची नोंद ठेवली. सहा वर्षांत बाधित गोगलगाईंचे प्रमाण जवळजवळ चौपट झाले, कृमींच्या जाती दुप्पट झाल्या, आणि शेजारच्या न बिघडलेल्या भागाची पातळी गाठली गेली. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. रोगजंतू वाढले म्हणून संशोधकांनी समाधान व्यक्त करावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पण गोगलगाईच्या पोटात कृमी सापडतो तो पक्षी त्या चिखलावर उतरला म्हणून. पक्षी उतरतो तो तेथे मासे, खेकडे वा शिंपले आहेत म्हणून. एखाद्या दिवशी कोणी मोजणीदार नसताना पक्षी येऊन गेला तर वहीत त्याची नोंद राहत नाही. गोगलगाईच्या शरीरात ती राहते. आणि ती वर्षानुवर्षे टिकते. निरनिराळ्या कृमींना निरनिराळे यजमान लागत असल्याने कृमींच्या जाती वाढणे म्हणजे यजमानांच्या जाती परत येणे होय. खाडीने स्वतः लिहिलेला हा हजेरीपट आहे. तो खोटा भरता येत नाही.

बरणीतील पुरावा

हजेरीपट वाढल्याची हकिकत दुर्मिळच म्हणावी लागेल. उलट दिशेचा पुरावा अमेरिकेच्याच वायव्य कोपऱ्यातील प्यूजेट साउंड या समुद्रभागातून आला आहे. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात किनाऱ्यावरील मासे बरण्यांतून जपून ठेवले आहेत. हेरिंग, स्मेल्ट यांसारखे लहान मासे त्यांत आहेत, आणि सर्वांत जुने नमुने १८८० सालचे आहेत. मासा बरणीत गेला तेव्हा त्याचे परोपजीवीही त्याच्याबरोबर जतन झाले, हे शंभर वर्षे कोणाच्या विशेष ध्यानात आले नव्हते. चेल्सी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८० ते २०१९ या काळातील ८ जातींचे ६९९ मासे अलगद उघडले आणि त्यांतून १७,२५९ परोपजीवी मोजले. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला.

त्याचा निष्कर्ष गंभीर आहे. ज्या परोपजीवींना एक वा दोनच यजमान पुरतात त्यांच्यात एकसारखी घट दिसली नाही. परंतु ज्यांना तीन वा अधिक यजमानांची गरज असते त्यांची संख्या दर दशकाला सरासरी सुमारे ११ टक्क्यांनी घटत आली आहे. या घटीचा संबंध संशोधकांना माशांच्या संख्येशी किंवा पाण्यातील प्रदूषणाशी आढळला नाही. समुद्राच्या पृष्ठभागाच्या वाढत्या तापमानाशी तो आढळला. तीन मुक्कामांचा प्रवास करणाऱ्याची एक गाडी चुकली तरी सारा प्रवास फसतो, तद्वतच यांची स्थिती आहे. मासा आहे, पक्षी आहे, गोगलगाय आहे. पण त्यांच्यातील देवघेव तुटत चालली आहे, हे त्या बरण्यांनी सांगितले. केवळ माशांची गणना करून ते कळण्याजोगे नव्हते.

माणसाने मोडलेली घडी

यावर असे विचारले जाईल की, मग परोपजीवी निरुपद्रवी मानावयाचे काय? मुळीच नाही. अ‍ॅनिसाकिस नावाचा गोलकृमी किनाऱ्यावरील अनेक माशांत असतो. मासा कच्चा खाल्ल्यास तो माणसाला तीव्र पोटदुखी देतो. नीट शिजविल्याने वा योग्य रीतीने गोठविल्याने तो मरतो. या कृमीचे माशांमधील सरासरी प्रमाण १९७८ ते २०१५ या काळात २८३ पट वाढल्याचे २०२० च्या एका अभ्यासात आढळले. हा आकडा भीतिदायक आहे. परंतु या कृमीचे अंतिम यजमान देवमासे नि डॉल्फिन होत. अमेरिकेने १९७२ साली सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला, १९८६ पासून व्यापारी देवमासेमारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, आणि देवमाशांच्या काही जाती सावरू लागल्या. कृमींची वाढ ही त्या पुनरागमनाची सावली असू शकते, अशी एक शक्यता संशोधकांनी मांडली आहे. ज्याला देवमासा हवा त्याला त्याच्या पोटातला कृमीही पदरी घ्यावा लागतो.

उपद्रव खरा केव्हा होतो, याचे उदाहरण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाहावयास मिळते. तेथे ‘पिंक सॅमन’ जातीची जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीची पिले वसंत ऋतूत नदीतून किनाऱ्याच्या पाण्यात उतरतात. सॅमनच्या अंगावर जगणारी सागरी ऊ मोठ्या माशाला सहसा जीवघेणी होत नाही. या चिमुकल्या पिलांना होऊ शकते. निसर्गात त्यांची गाठ सहसा पडत नसे, कारण पिले किनाऱ्यावर येतात तेव्हा या जातीचे मोठे मासे दूर समुद्रात असतात. मनुष्याने त्याच वाटेवर जाळीच्या पिंजऱ्यांत बारमाही सॅमनपालन सुरू केले आणि ही घडी मोडली. पिंजऱ्यांतील लक्षावधी माशांवर ऊ वर्षभर पोसली जाऊ लागली. ब्रॉटन द्वीपसमूहात २००१ साली पिलांवर तिचा मोठा प्रादुर्भाव दिसून आला. त्यामुळे तेथील जंगली सॅमन नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत, असा इशारा २००७ साली एका निबंधाने दिला. त्यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. अखेर २०२४ साली कॅनडाच्या सरकारने या प्रांतातील उघड्या जाळ्यांतील सॅमनपालन जून २०२९ अखेर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. परोपजीवी तोच, मासाही तोच. बदलली ती त्यांच्यातील अंतरे, आणि ती माणसाने बदलली.

मोजमापाचा प्रश्न

परोपजीवींना चांगले वा वाईट ठरविण्याची घाई सोडून त्यांना खाडीच्या हिशेबात जमा धरावे, एवढाच या सगळ्याचा सरळ अर्थ आहे. जगभरच्या परोपजीवींच्या रक्षणासाठी बारा उद्दिष्टांची एक योजना शास्त्रज्ञांच्या एका गटाने २०२० साली मांडली. हवामानातील बदल आणि यजमानांचा ऱ्हास यांमुळे परोपजीवी कृमींच्या एकतृतीयांश जाती २०७० पर्यंत नष्ट होऊ शकतील, असा अंदाज २०१७ साली वर्तविण्यात आला होता. या जातींसाठी कोणी मोर्चा काढणार नाही, त्यांच्या चित्राचे टपालाचे तिकीटही निघण्याचा संभव कमी. म्हणूनच त्यांची दखल घेण्याची जबाबदारी शास्त्रीय पाहण्यांवर येते.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले. दरवर्षी तेथे उतरणाऱ्या फ्लेमिंगोंचे आकडे वृत्तपत्रांतून कौतुकाने छापले जातात. पण त्याच किनाऱ्यावर रस्त्यांसाठी, पुलांसाठी, वसाहतींसाठी तिवरे तोडली जातात तेव्हा त्याच्या भरपाईचे माप कोणते असते? अन्यत्र किती रोपे लावली, हे. रोपांची संख्या कागदावर पुरी झाली की, नुकसान भरून निघाले असे मानले जाते. रोप जगले तरी त्याच्या मुळांशी गोगलगाय चरते काय, त्या पाण्यात मासा आला काय, त्या माशासाठी पक्षी उतरला काय, हे रोपांच्या आकड्यावरून कळत नाही. कार्पिंटेरियाच्या गोगलगाईंनी जी परीक्षा घेतली तिच्यासारखी परीक्षा भरपाईच्या अशा प्रत्येक दाव्याला लावावयास हवी.

त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. चिखलावरच्या सामान्य जातीच्या गोगलगाई, एक साधे सूक्ष्मदर्शक यंत्र, नोंदवही आणि अनेक वर्षे टिकणारी चिकाटी एवढी सिद्धता पुरते. किनाऱ्यालगतच्या गावांतील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. तेथे वर्षानुवर्षे यकृतातील कृमीचे जीवनचक्र फळ्यावर काढले जाते, विद्यार्थी ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. ते चक्र खिडकीबाहेरच्या चिखलातही चालत असते, हे त्यांना दाखविणारा शिक्षक एखाद्या अहवालापेक्षा अधिक काम करून जाईल. दरवर्षी एकाच जागी, एकाच ऋतूत, ठरावीक संख्येने गोगलगाई तपासल्या तर दहा वर्षांत त्या खाडीचा जो इतिहास तयार होईल तो कोणत्याही खात्याच्या कपाटात आज मिळावयाचा नाही.

खाडीचे पाणी नितळ दिसते, मासा निर्मळ निघतो, गोगलगाईच्या पोटात काहीच सापडत नाही, अशी एखादी खाडी असू शकते. ती निरोगी आहे असे प्रमाणपत्र देण्यापूर्वी तिच्यावरून पक्षी उडून गेले आहेत काय, एवढे मात्र तपासून घ्यावे.